आडवाट, उपग्रह आणि आपला मेंदू

दसरा उलटला, पावसाने पाठ फिरवली, की पुण्या-मुंबईहून मोटरसायकलींचे तांडे कोकणाकडे निघतात. पूर्वी या मंडळींच्या पिशवीत घडीचा कागदी नकाशा असे आणि उरलेली माहिती चहाच्या टपरीवर मिळे. आता हँडलवर मोबाइल लावलेला असतो, त्यावर एक निळी रेघ असते आणि गाडी त्या रेघेमागून जाते. गंमत अशी की, भटकायला निघालेल्या माणसाला ही रेघ बहुधा नको तिथेच नेते. मुंबई ते रत्नागिरी असे टाकले, की ती मुकाट्याने राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ दाखवते. समुद्र, खाड्या, सुरूची बने, माडाच्या वाड्या यांतले काहीही तिच्या हिशेबात नसते.

हेच साधन नीट समजून वापरले, तर ते आडवाटांचा उत्तम वाटाड्या होऊ शकते. पण आडवाट म्हणजे कमी वर्दळ, कमी दुकाने, अपुरे मोबाइल नेटवर्क आणि लांबचे रुग्णालय. त्यामुळे हे यंत्र काय करते, काय करू शकत नाही आणि ते वापरताना आपल्या डोळ्यांचे व मेंदूचे काय होते, हे निघण्याआधीच माहीत असलेले बरे.

आकाशातली घड्याळे

जीपीएस ही अमेरिकेची यंत्रणा. तिचे तीसेक उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येक उपग्रहात आण्विक घड्याळ असते आणि तो सतत एवढेच सांगत असतो, ‘मी अमुक जागी आहे आणि आता इतके वाजले आहेत.’ हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी आपल्यापर्यंत पोहोचायला त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. संदेश किती उशिरा आला, यावरून मोबाइल त्या उपग्रहाचे अंतर काढतो. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा ठरते. चौथा उपग्रह लागतो, तो मोबाइलच्या साध्या घड्याळाची चूक सुधारण्यासाठी.

वेळेतली चूक येथे फार महाग पडते. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला, तर अंतर ३०० मीटरने चुकते. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्तानुसार उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरहून अधिक घोळ होईल. दापोलीला निघालेल्याला आपण खेडमध्ये आहोत की भर समुद्रात, हे कळणार नाही.

आजचे मोबाइल अमेरिकी उपग्रहांबरोबरच रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बैदू यांचेही संदेश वाचतात. काही मोबाइलमध्ये इस्रोची ‘नाविक’ ही यंत्रणाही चालते. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइललाही आपली जागा पाचेक मीटरच्या आत कळते.

यातून एक उपयुक्त गोष्ट निघते. मोबाइल उपग्रहाला काही पाठवत नाही, तो फक्त ऐकतो. म्हणून जागा कळायला इंटरनेट लागत नाही आणि सिमकार्डही लागत नाही. इंटरनेट लागते, ते नकाशाचे चित्र उतरवून घ्यायला. तो भाग घरीच उतरवून ठेवला, तर नेटवर्क नसलेल्या घाटातही निळा ठिपका बरोबर चालत राहतो.

घाटात मात्र दुसरी अडचण येते. एका बाजूला उभा कडा असला, की निम्मे आकाश झाकले जाते. काही संदेश कड्यावर आपटून, वळसा घेऊन येतात आणि अंतर खोटे वाटू लागते. अशा वेळी ठिपका उडी मारून वरच्या वळणावर जाऊन बसतो. ढगांचा किंवा पावसाचा या संदेशांना फारसा अडथळा होत नाही. अडथळा होतो तो डोंगराचा आणि दाट झाडीचा.

यंत्राला निसर्ग कळत नाही

रस्ता शोधण्याच्या गणिताची मुळे एका डच शास्त्रज्ञाकडे जातात. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये अॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत ही रीत शोधली आणि १९५९ मध्ये ती प्रसिद्ध केली. कल्पना सोपी आहे. गावे म्हणजे ठिपके, रस्ते म्हणजे रेघा आणि प्रत्येक रेघेला एक ‘किंमत’. ज्या वाटेने एकूण किंमत सर्वांत कमी, ती वाट निवडायची. आजची साधने याच कल्पनेचे सुधारित अवतार वापरतात आणि त्यांत किंमत म्हणजे बहुधा वेळ. महामार्गावर वेळ कमी लागतो, म्हणून महामार्ग जिंकतो.

तेव्हा आडवाट हवी असेल, तर किंमत बदलायला हवी. पहिला उपाय म्हणजे ‘महामार्ग टाळा’ आणि ‘टोल टाळा’ हे पर्याय सुरू करणे. दुसरा, अधिक खात्रीचा उपाय म्हणजे प्रवासाचे तुकडे पाडणे. थेट रत्नागिरी न टाकता मधली सहा-सात गावे क्रमाने टाकली, की यंत्राचा नाइलाज होतो. युरोपातल्या मोटरसायकलस्वारांनी याहून पुढची सोय केली आहे. ‘कुर्विगर’ आणि ‘कॅलिमोटो’ ही जर्मनीत तयार झालेली साधने मुद्दाम वळणांचे रस्ते निवडतात.

पण कुठली गावे टाकायची? इथे शाळेतला भूगोल कामाला येतो. नकाशाचे उंचसखलपणा दाखवणारे रूप उघडायचे. समोच्च रेषा जिथे एकमेकींना खेटून आल्या आहेत, तिथे चढ तीव्र. त्या दाटीतून एखादा रस्ता नागमोडी जात असेल, तर तो घाट. निळ्या रंगाला चिकटून जाणारा बारीक रस्ता म्हणजे खाडीकाठ किंवा किनारा. मग तोच भाग उपग्रहाच्या छायाचित्रात पाहायचा. हिरवे गर्द असेल तर सावली, तपकिरी असेल तर उघडा माळ. रस्ता काळा सलग दिसला तर डांबरी असण्याची शक्यता अधिक, लालसर दिसला तर तांबड्या मातीचा. अर्धा तास असा अभ्यास केला, की प्रवासाचा निम्मा आनंद घरी बसूनच मिळतो.

खाड्या ओलांडत जाणारी वाट

या पद्धतीने शोधले, तर मुंबई ते रत्नागिरी ही वाट अगदी वेगळी उमटते. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसह बोटीने मांडवा. तेथून अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. आगरदांड्याला राजापुरीची खाडी आडवी येते, ती फेरीबोटीने ओलांडून दिघी. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि बागमांडला. इथे सावित्री नदी समुद्राला मिळते. पलीकडे वेसवी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, दाभोळ. वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपावे आणि गुहागर. हेदवीवरून तवसाळ, शास्त्री नदीच्या मुखावर आणखी एक फेरीबोट आणि समोर जयगड. शेवटी केशवसुतांचे मालगुंड, गणपतीपुळे आणि डोंगराच्या कडेने समुद्र दाखवणारा आरे-वारेचा रस्ता.

महामार्गाने एका दिवसात होणारा हा प्रवास या वाटेने दोन-तीन दिवसांचा होतो. यंत्र सांगेल त्या वेळेवर मात्र येथे भरवसा ठेवू नये. धक्क्यावर बोटीची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्याला नेमका ठाऊक नसतो. भरती-ओहोटीमुळे किंवा खराब हवामानामुळे फेरी थांबली, तर पलीकडे जायला खाडीला मोठा वळसा घालावा लागतो. वेळापत्रकाची चौकशी आधी करावी आणि दिवसाची शेवटची खाडी दुपारीच ओलांडावी.

नावांचाही घोटाळा होतो. मुरूड म्हटले की यंत्रापुढे अनेक मुरूड उभी राहतात. एक जंजिऱ्याजवळचे, दुसरे दापोली तालुक्यात हर्णैजवळचे, महर्षी कर्व्यांचे, आणि तिसरे थेट लातूर जिल्ह्यातले. कासवांचे वेळास मंडणगड तालुक्यात, पण दिवेआगरजवळही एक वेळास आहे. नाव टाकल्यावर तालुका आणि जिल्हा पाहून मगच बोट टेकवावे.

नकाशा रस्त्याला विचारत नाही

नकाशा हा कधीतरी घेतलेल्या माहितीचा साठा असतो. रस्ता बदलला, तरी नकाशाला ते कळायला वेळ लागतो आणि आडवाटांवर हा वेळ जास्त, कारण तिथून कळवणारी माणसेच कमी. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या अंधारात मोबाइलवरच्या नकाशामागे जाणारी एक मोटार धरणाच्या पाण्यात गेलेल्या रस्त्यावर उतरली आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून मोटार रामगंगेत कोसळून तिघे गेले. दोन्ही ठिकाणी कोतूळ किंवा बरेलीच्या माणसाला जे ठाऊक होते, ते पडद्याला ठाऊक नव्हते.

सह्याद्रीत हा धोका ऋतूप्रमाणे बदलतो. भोर आणि महाड यांना जोडणारा वरंध घाट दरडींमुळे पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीला बंद ठेवला जातो. पावसाळा संपल्यावरही कडेची माती सैल असते, साकवांवर शेवाळ असते, वळणावर खडी पसरलेली असते. म्हणून आडवाटेला लागण्यापूर्वी शेवटच्या गावात गाडी थांबवून विचारावे, ‘पुढे रस्ता चालू आहे का हो?’ आणि ‘नाही’ म्हणणारा एक माणूस ‘हो’ म्हणणाऱ्या पडद्यापेक्षा मोठा मानावा. अनोळखी आडवाट सूर्यास्तानंतर घेऊच नये.

डोळे, हात आणि पोट

भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. या पार्श्वभूमीवर हँडलवरच्या पडद्याकडे पाहायला हवे. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. दोन सेकंद नजर पडद्यावर गेली, म्हणजे ३३ मीटर आंधळा प्रवास झाला. घाटातल्या वळणावर पुढचे तेवढे तरी दिसते का? त्यातही नजर परत रस्त्यावर आली, तरी लक्ष परत यायला आणखी क्षण लागतो. चाळिशी ओलांडलेल्यांना जवळचे पाहून पुन्हा दूरचे स्पष्ट व्हायला अधिक वेळ लागतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२० च्या दुरुस्तीने वाहन चालवताना मोबाइलचा वापर फक्त मार्ग पाहण्यापुरता आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच मान्य केला आहे. बोलक्या सूचना ऐकणे हे पडद्याकडे पाहण्यापेक्षा बरे, पण मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येईल इतक्याच आवाजात. पडद्याला बोट लावायचे असेल, तर गाडी कडेला घेऊन थांबावे. हेल्मेटबद्दल तर वाद नाही. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो, की हेल्मेटमुळे मोटरसायकल अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. पट्टा न बांधलेले हेल्मेट मात्र डोक्याआधी रस्त्यावर पडते.

गाडीवर वारा घाम लगेच वाळवतो, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले हे कळत नाही. डोके जड होणे, तोंड कोरडे पडणे, लघवी गडद होणे ही खूण. दर दीड-दोन तासांनी उतरून पाणी प्यावे, चार पावले चालावे, कंबर मोकळी करावी. सततच्या कंपनांनी बोटांना मुंग्या येतात. मूठ आवळून धरण्याची सवय सोडली, की त्या कमी होतात. जेवणानंतरच्या दोन तासांत डुलकी येऊ लागली, तर गार पाणी किंवा गाणी यांचा उपयोग क्षणभराचा. वीस मिनिटांची झोप हाच उपाय.

मधुमेहींनी विशेष जपावे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेतल्या आणि बोट चुकल्यामुळे जेवण लांबले, तर साखर उतरते. हात थरथरणे, दरदरून घाम, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे गाडी चालवताना जिवावर बेततात. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी हवी. इन्सुलिन उन्हात टाकीवरच्या पिशवीत ठेवू नये. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते, हेही लक्षात असावे.

मेंदूतला नकाशा

आपल्या मेंदूतही एक दिशादर्शक यंत्रणा आहे. हिप्पोकॅम्पस हा अश्वमीनाच्या आकाराचा छोटा भाग स्मरणाचे आणि वाटा लक्षात ठेवण्याचे काम करतो. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये तिथे अशा पेशी सापडल्या, ज्या विशिष्ट जागी आल्यावरच चेततात. पुढे २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्या भागात आलेखाच्या कागदासारखी चौकट आखणाऱ्या पेशी शोधल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लंडनच्या हजारो गल्ल्या पाठ असणाऱ्या टॅक्सीचालकांमध्ये हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा असतो, हे २००० मध्ये दिसून आले होते.

मग यंत्राच्या आज्ञेत चालताना या भागाचे काय होते? युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या २०१७ च्या प्रयोगात लोक स्वतः वाट शोधत असताना हिप्पोकॅम्पसमध्ये हालचाल दिसली. सूचना ऐकून चालताना ती दिसली नाही. कॅनडात ५० वाहनचालकांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जीपीएसचा अधिक वापर करणाऱ्यांची वाटा लक्षात ठेवण्याची क्षमता कमी आढळली. त्यांच्यापैकी १३ जणांना तीन वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा जास्त वापर करणाऱ्यांत घसरणही जास्त होती.

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतील सुमारे ९० लाख मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास आला. टॅक्सी आणि रुग्णवाहिकाचालकांमध्ये अल्झायमरने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत कमी व्यवसायांत होते. ठरलेल्या मार्गाने जाणारे बसचालक आणि वैमानिक यांच्यात तसे दिसले नाही. यावरून वाट शोधल्याने अल्झायमर टळतो, असा निष्कर्ष काढता येत नाही. ज्यांची दिशेची समज मुळात चांगली, तेच त्या व्यवसायात जात असतील. पण न वापरलेली क्षमता गंजते, एवढे मानायला हरकत नाही.

मोटरसायकल चालवल्याने मन ताजे होते, याचाही पुरावा दिला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांना वीस मिनिटांच्या फेरीनंतर ताणाशी संबंधित संप्रेरकांच्या गुणोत्तरात २८ टक्के घट आढळली. मात्र सहभागी अनुभवी चालक होते आणि पैसा एका मोटरसायकल कंपनीचा होता, हे विसरू नये.

मधला मार्ग सोपा आहे. निघण्यापूर्वी पूर्ण वाट नकाशावर दोनदा पाहावी. पुढची तीन गावे, एक नदी आणि एक मोठे वळण मनात ठेवावे. मग मोबाइल खिशात टाकून तेवढा टप्पा स्वतः पार करावा. सूर्य कोणत्या हाताला, समुद्र कोणत्या बाजूला, एवढे भान ठेवले तरी मेंदूतला नकाशा जागा राहतो. चुकले, तर निळा ठिपका आहेच.

अपघातानंतरचा पहिला तास

उपग्रह-नकाशाचा खरा मोलाचा उपयोग मात्र रस्ता शोधण्यात नाही, सापडण्यात आहे. मोटार वाहन कायद्यानेही गंभीर इजेनंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हटले आहे. त्या तासात रक्तस्राव थांबला, श्वास मोकळा राहिला, तर पुष्कळ जीव वाचतात. आडवाटेवर हा तास मदत शोधण्यातच सरतो. ‘घाटात आहे, वळणावर’ या वर्णनावरून रुग्णवाहिका येऊ शकत नाही, कारण घाटात सगळीकडे वळणेच असतात.

निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरले, की अक्षांश-रेखांशाचे आकडे दिसतात. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, पण दशांशचिन्हापुढचा चौथा आकडा अवघे ११ मीटर अंतर सांगतो. १०८ किंवा ११२ वर बोलताना गावाचे, तालुक्याचे नाव आणि हे आकडे सांगावेत. आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले, तरी दुसऱ्या कंपनीचे असल्यास ११२ ला फोन लागू शकतो. काहीच नसेल, तर एकाने जखमीजवळ थांबावे आणि दुसऱ्याने हे आकडे कागदावर लिहून नेटवर्क असलेल्या उंचवट्यावर जावे. म्हणून आडवाटेवर एकट्याने जाऊ नये.

तोवर वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. जखमीची मान वाकवू नये, त्याला उठवून बसवू नये, पाणी पाजू नये. श्वास नीट चालू असेल, तर हेल्मेट ओढून काढू नये. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे आणि त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे वाटेवरच्या गावकऱ्यांनाही सांगण्यासारखे आहे.

निघताना नकाशावर सुंदर वळणे शोधतो, तशी वाटेवरची ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयेही खुणा करून ठेवावीत. मोठ्या शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणीच असते, तिथवरचे अंतरही पाहावे. रोजचा टप्पा आणि मुक्कामाचे गाव घरच्यांना लिहून द्यावे आणि संध्याकाळी पोहोचल्याचा फोन करावा. या सगळ्याला लागतो अर्धा तास. पुढे वाट कितीही आडवळणाची असली, तरी शोधायला निघणाऱ्याला ती सरळ सापडायला हवी.